चुकून पाठवलेले मधले बोट: ज्येष्ठांना कसे सांगावे?

प्रश्न
कृष्णाकाठ (वाई)

सर्वांना नमस्कार. मी आमच्या भजनी मंडळाचा सचिव आहे आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही आहे. ग्रुपमध्ये 140 सदस्य असून त्यांतले निम्म्याहून अधिक सत्तरीच्या आसपासचे आहेत. मंडळातील एक जुने पखवाजवादक गेल्या आठवड्यात वारले. पुण्याला असणाऱ्या त्यांच्या मुलीने दशक्रियेचा दिवस, वेळ आणि घाट यांची माहिती ग्रुपवर टाकली. त्याखाली आमच्या एका वयोवृद्ध गुरुजींनी लिहिले, "वरील माहिती सर्वांनी वाचावी", आणि त्यापुढे मधले बोट उभारलेल्या हाताचा इमोजी तीन वेळा टाकला.

गुरुजींना "वर पाहा" एवढेच म्हणायचे होते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. गावातील दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली बाराखडी शिकल्या. त्यांच्या तोंडून कधी अपशब्द ऐकल्याचे कोणाला आठवत नाही. परंतु त्या मुलीला हे कसे ठाऊक असणार? वडील जाऊन चार दिवस झालेले, आणि त्यांच्या दशक्रियेच्या निरोपाखाली ते चित्र. ती एक शब्दही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडली. तरुण सदस्यांपैकी काहींनी मला खासगीत विचारले, दोघांनी हसण्याच्या खुणा पाठवल्या, आणि ज्येष्ठांपैकी बहुतेकांना काही घडल्याचे कळलेही नाही. गुरुजी तर अजूनही भजनाच्या वेळापत्रकाखाली तेच चिन्ह टाकत आहेत.

माझे प्रश्न असे. या खुणेचा नेमका अर्थ काय आणि तो किती गंभीर मानावा? ज्यांनी मला हाताला धरून अक्षर शिकवले, त्यांना ही गोष्ट कोणत्या शब्दांत सांगावी? ॲडमिन म्हणून मी तो संदेश हटवायला हवा होता का, आणि न हटवल्यामुळे माझ्यावर काही जबाबदारी येते का? त्या मुलीशी कोणी बोलावे, मी की गुरुजींनी, हेही मला उमगत नाही. गुरुजींचा मान आणि तिचे दुःख, या दोहोंपैकी काहीही मला हलके लेखायचे नाही.

उत्तर
लिपिवेडा

आपण अर्थ विचारला आहे, म्हणून आधी तेवढेच सांगतो. ही खूण मूळची भूमध्य समुद्राकाठची आहे आणि तिचा अर्थ लैंगिक आहे: उभे बोट म्हणजे पुरुषाचे लिंग, दोन्ही बाजूंची मिटलेली बोटे म्हणजे वृषण. इसवी सनापूर्वी 423 मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या ॲरिस्टोफेनीसच्या प्रहसनात या बोटावर विनोद आहे. रोमन लोक त्याला लॅटिनमध्ये 'डिजिटस इम्पुडिकस', म्हणजे निर्लज्ज बोट, म्हणत असत. पहिल्या शतकातील कवी मार्शल याने वयाची साठी ओलांडलेल्या एका धडधाकट म्हाताऱ्याचे वर्णन केले आहे. त्याला आयुष्यात एक दिवसही ताप आलेला नाही आणि तो तीन वैद्यांना नावानिशी हेच बोट दाखवतो. अमेरिकेत 1886 साली काढलेल्या बेसबॉल संघांच्या एका छायाचित्रात बॉस्टनचा एक गोलंदाज ही खूण करताना दिसतो, आणि छायाचित्रात टिपलेले तिचे सर्वात जुने उदाहरण म्हणून ते ओळखले जाते. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत आज तिचा अर्थ एका अत्यंत घाणेरड्या शिवीइतका आहे.

फोनमध्ये ती आली ती युनिकोडमुळे. जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या या प्रमाणप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, जून 2014 मध्ये, 'मधले बोट उभारलेला उलटा हात' अशा आशयाच्या नावाने तिला जागा मिळाली, आणि 2015 मध्ये ती विंडोज 10 व आयफोनच्या कीबोर्डवर दिसू लागली. ज्या प्रणालीत आपला 'ळ' आहे त्याच प्रणालीत ही खूणही आहे. युनिकोडचे काम चिन्हाला क्रमांक आणि नाव देण्याचे आहे. ते कोणासमोर वापरावे, हे ठरवण्याचे नाही.

आता आपल्या बाजूने पाहू, कारण गुरुजींचा उलगडा तेथेच होतो. मराठीत हाताने अपमान करण्याच्या खुणा काही कमी नाहीत. आपण अंगठा दाखवतो, ठेंगा दाखवतो, वाकुल्या दाखवतो, बोटे मोडतो, शिमग्याला पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकतो. यांत मधल्या बोटाला स्वतंत्र वाईट अर्थ कोठेही नाही. उलट जपाची माळ मध्यमेवर धरून अंगठ्याने मणी ओढायचा आणि तर्जनी माळेला लागू द्यायची नाही, असे आपल्याकडे शिकवले जाते. आयुष्यभर ज्या बोटावर माळ फिरली, त्या बोटाच्या चित्रात एखाद्या वारकऱ्याला अश्लील काही दिसत नसेल, तर तो त्याचा अडाणीपणा नव्हे. त्याच्याकडे त्या बोटाचा दुसरा आणि जुना अर्थ आहे.

अंगठ्याचेच उदाहरण पाहा. अंगठा दाखवणे म्हणजे ऐन वेळी झिडकारणे, फसवणे. तरीही आज आपली सर्व ज्येष्ठ मंडळी "मिळाले, ठीक आहे" या अर्थाने अंगठ्याचे चित्र बिनदिक्कत पाठवतात आणि कोणीही त्याने दुखावत नाही. म्हणजे ज्यांना अंगठ्याचा नवा, चांगला अर्थ शिकता आला, त्यांना मध्यमेचा नवा, वाईट अर्थही शिकता येईल. फक्त कोणीतरी तो सांगायला हवा. अंगठा सगळ्यांनी एकमेकांचे पाहून उचलला. हे बोट मात्र कोणी समजावून सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाच संकोच वाटतो.

उत्तर
मोठा टाइप

मी गेली सहा वर्षे ज्येष्ठ नागरिकांना मोबाइल वापरायला शिकवते. आपण वर्णन केलेली चूक माझ्या वर्गात इतक्या वेळा होते की पहिल्या आठवड्यातच मी तिच्यावर बोलते. कारण अगदी साधे आहे. बहुतेक कीबोर्डवर हातांच्या चित्रांचा क्रम असा असतो: डावीकडे दाखवणारे बोट, उजवीकडे दाखवणारे बोट, वर दाखवणारे बोट, मग हे मधले बोट, आणि लगेच खाली दाखवणारे बोट. म्हणजे "वर पाहा" आणि "खाली पाहा" या दोन निरुपद्रवी खुणांच्या बरोबर मधोमध ते बसलेले आहे. चित्र हरभऱ्याच्या दाण्याएवढे, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बोट किंचित थरथरणारे. चूक झाली नाही तरच नवल. त्यातून एकदा वापरलेले चिन्ह अलीकडे वापरलेल्या चिन्हांच्या ओळीत सर्वात पुढे येऊन बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते शोधावेही लागत नाही. गुरुजी तेच चिन्ह पुन्हा पुन्हा टाकत आहेत, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

ओळखण्याची खूण मी अशी सांगते: उभ्या बोटाच्या दोन्ही बाजूंना मिटलेली बोटे दिसत असतील, तर ते चिन्ह वापरू नये, उभे बोट मुठीच्या एका कडेला असेल, तर ती तर्जनी आहे. फोनमधील वाचून दाखवण्याची सोय, अँड्रॉइडवर जिला टॉकबॅक म्हणतात, सुरू केली तर चिन्हाचे नावही ऐकू येते. परंतु माझा खरा सल्ला याहून सोपा आहे. "वर पाहावे" हे दोन शब्द लिहावेत. ज्यांचे मराठी इतके नेटके आहे, त्यांना बोटाच्या चित्राची गरजच नाही.

सांगण्याच्या पद्धतीविषयी एक गोष्ट कळकळीने सांगते. "गुरुजी, तुम्ही चुकीचे पाठवले" अशी सुरुवात करू नये. "या फोनमध्ये एक खोड आहे, ती तुम्हाला दाखवून ठेवतो" असे म्हणावे, शेजारी बसून दोन्ही चित्रे मोठी करून दाखवावीत आणि मगच अर्थ सांगावा. अर्थ सांगताना "वाईट आहे" एवढ्यावर थांबू नये. "ही इंग्रजीतली मोठी शिवी आहे" असे स्पष्ट म्हणावे, कारण गुळमुळीत सांगितले तर ऐकणाऱ्याला त्याचे गांभीर्य कळत नाही आणि दोन महिन्यांनी तेच घडते. सुनेसमोर, नातवंडांसमोर सांगू नये. फोनवर तर मुळीच सांगू नये.

उत्तर
नाशिकचा वकील

ॲडमिनच्या जबाबदारीपुरते मी लिहितो. हे सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. प्रत्यक्ष प्रकरण उद्भवल्यास कागदपत्रे पाहूनच सल्ला घ्यावा.

स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे, हावभाव करणे किंवा एखादी वस्तू दाखवणे, हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 509 खाली गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 मध्ये आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत साधा कारावास व दंड आहे. 'उच्चारणे' या शब्दात लिहून पाठवलेले येते का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. ऑगस्ट 2024 मध्ये खंडपीठाने ईमेलमधील लिखित शब्दही त्यात येतात, असे म्हणून कलम 509 खालील गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. म्हणून "मी काही बोललो नाही, नुसते चित्र पाठवले" या बचावावर कोणी फार विसंबू नये.

तथापि या कलमाचा प्राण 'हेतू' या शब्दात आहे. वर पाहा म्हणण्यासाठी चुकून दाबलेल्या चिन्हात तो हेतू नाही. चिन्हाचा अर्थ संदर्भावरून लावावा लागतो, हे न्यायालयांनीही मानले आहे. रेल्वे सुरक्षा दलातील एका अधिकाऱ्याच्या हत्येच्या संदेशावर एका शिपायाने अंगठ्याचे चिन्ह टाकले होते आणि त्याला नोकरीवरून काढण्यात आले होते. हे चिन्ह "संदेश पाहिला" या अर्थानेही असू शकते, तो हत्येचा आनंद मानता येणार नाही, असे म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्याला कामावर परत घेण्याचा निर्णय कायम ठेवला. उलट दिशेचे उदाहरण कॅनडातले आहे. सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या छायाचित्राला अंगठ्याचे चिन्ह पाठवले, ते न्यायालयाने 2023 मध्ये करारावरील सही मानले आणि माल न दिल्याबद्दल त्याला 82,000 कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली, कारण त्या दोन पक्षांचे आधीचे व्यवहारही अशाच एका शब्दाच्या होकारावर झालेले होते.

ॲडमिनबाबत आपण निश्चिंत राहावे. गोंदियातील एका प्रकरणात ग्रुपमधील सदस्याने महिला सदस्याविषयी असभ्य भाषा वापरली होती आणि ॲडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये तो रद्द केला. दोघांचा समान हेतू असल्याचे दिसत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या संदेशाची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर येत नाही. या चिन्हावर थेट कारवाई व्हावी, असा प्रयत्न आपल्याकडे झालेला आहे: डिसेंबर 2017 मध्ये दिल्लीतील एका वकिलाने ते पंधरा दिवसांत काढून टाकावे, अशी नोटीस व्हॉट्सॲपला पाठवली होती. चिन्ह आजही जागेवर आहे. ग्रुपवर अजूनही फिरणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, आक्षेपार्ह संदेशांविषयीचे 'कलम 66 अ' मात्र कोणी कोणाला दाखवू नये; सर्वोच्च न्यायालयाने ते 24 मार्च 2015 रोजीच रद्दबातल ठरवले आहे.

कायद्याने बंधन नसले तरी संदेश हटवणे योग्य ठरले असते का? माझ्या मते, पहिल्या तासात, होय. ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी हटवता येतो. मात्र तेथे ॲडमिनने संदेश हटवल्याची नोंद उरते आणि लोक गुरुजींनाच विचारू लागतात. म्हणून आधी गुरुजींना सांगून त्यांच्या हातूनच तो हटवून घेणे बरे. त्याला साधारण अडीच दिवसांची मुदत असते, आणि आपली ती टळलेली दिसते.

उत्तर
नेकारकाठ (श्टुटगार्ट)

मी बारा वर्षे जर्मनीत आहे. येथे या खुणेला बोलीभाषेत 'घाणेरडे बोट' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि रस्त्यावर दुसऱ्या चालकाला ती दाखवली तर फौजदारी संहितेच्या कलम 185 खाली अपमानाचा गुन्हा होतो. दंड दाखवणाऱ्याच्या रोजच्या उत्पन्नाच्या हिशोबाने मोजतात, त्यामुळे चांगला पगार असलेल्यालाही तो जाणवतो. 1994 च्या फुटबॉल विश्वचषकात डॅलस येथे दक्षिण कोरियाविरुद्धच्या सामन्यात जर्मनीच्या श्टेफान एफेनबर्गने आपल्याच देशाच्या प्रेक्षकांना हे बोट दाखवले, तेव्हा प्रशिक्षकाने त्याला स्पर्धेच्या मध्यातून घरी पाठवले. आपल्याकडील वाचकांना 2012 चा सिडनी कसोटी सामना आठवत असेल. प्रेक्षकांना हीच खूण केल्याबद्दल विराट कोहलीला सामन्याच्या मानधनाच्या निम्मी रक्कम दंड म्हणून भरावी लागली होती.

चूक कोणाच्याही हातून होते, हे मात्र मी येथेच शिकलो. कार्यालयातील एका ग्रीक सहकाऱ्याला मी दुरूनच "पाच वाजता" असे पाच बोटे फाकवून, तळवा त्याच्याकडे करून दाखवले. आपल्याकडे तो आशीर्वादाचा हात. ग्रीसमध्ये तोच हात समोरच्याच्या तोंडाकडे केला तर तो अपमान असतो. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग तो माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने मला शांतपणे अर्थ सांगितला. तो दुसऱ्या कोणाकडे गेला नाही, थेट माझ्याकडे आला, याबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे.

उत्तर
अवनी_७६

येथवरची सर्व उत्तरे चूक करणाऱ्याच्या बाजूने आहेत. ज्याला ते बोट मिळते, त्याच्या बाजूनेही कोणी लिहावे, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी देखभाल खर्चाचा हिशोब मागितला. एका सदस्याने उत्तरादाखल फक्त हे चिन्ह टाकले. मी विचारल्यावर "चुकून लागले" असे आले. पुढील महिन्यात पुन्हा तेच चिन्ह, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मी सर्वांसमोर लिहिले की हे चुकून होत नाही. तेव्हा मलाच सांगण्यात आले की एवढ्याशा चित्राचे काय मनावर घेता. त्या गृहस्थांचे वय पस्तीस होते आणि ते संगणकाच्याच क्षेत्रात काम करत होते. चिन्हापेक्षा मला त्या "मनावर घेऊ नका"ने अधिक दुखावले.

म्हणून चूक आणि हेतू यांतला फरक कसा ओळखायचा, ते माझ्या अनुभवावरून सांगते. सोबत शब्द आहेत का, आणि त्या शब्दांशी वर दाखवणारे बोट जुळते का, ते पाहावे. गुरुजींच्या संदेशात ते जुळते. माझ्या प्रसंगात शब्दच नव्हते. ज्याला अर्थ ठाऊक नाही तो ते चिन्ह सर्वांना सारखेच पाठवतो. ज्याला ठाऊक आहे तो माणूस निवडून पाठवतो. आणि सांगितल्यावर काय घडते, हे सर्वात महत्त्वाचे. अजाण माणूस ओशाळतो, थांबतो, विचारपूस करतो.

कृष्णाकाठ दादा, त्या मुलीशी तुम्ही बोलू नका, गुरुजींनीच बोलावे. तुम्ही बोललात तर ते ॲडमिनचे स्पष्टीकरण होईल. मात्र "तुझा गैरसमज झाला" असे गुरुजींनी म्हणू नये. तिचा काहीही गैरसमज झालेला नाही. तिने त्या खुणेचा जो अर्थ घेतला, तोच जगभर घेतला जातो. ज्या दोघांनी हसण्याच्या खुणा पाठवल्या, त्यांच्याशी मात्र तुम्हीच बोला. अर्थ ठाऊक असून हसणे आणि अर्थ ठाऊक नसून पाठवणे, यांत पहिली गोष्ट मला अधिक वाईट वाटते.

कृष्णाकाठ (वाई)

सर्वांचे मनापासून आभार. काय घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

एकादशीच्या दुपारी मी गुरुजींकडे गेलो. घरात ते एकटेच होते. 'मोठा टाइप' यांनी सांगितल्याप्रमाणे शेजारी बसून दोन्ही चित्रे मोठी करून दाखवली आणि अर्थ आडपडदा न ठेवता सांगितला. गुरुजी बराच वेळ फोनकडे पाहत राहिले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे मी कोणाकोणाला पाठवले आहे?" आम्ही दोघांनी बसून मागील तीन महिन्यांचे संदेश पाहिले. सतरा ठिकाणी ते चिन्ह निघाले. त्यांतले एक तर त्यांनी स्वतःच्या विहिणींना हळदीकुंकवाच्या निमंत्रणाखाली पाठवले होते.

पखवाजवादकांच्या मुलीला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पहिल्यांदा तिने उचलला नाही. संध्याकाळी लावल्यावर उचलला. गुरुजी म्हणाले, "बाळ, तुझ्या वडिलांच्या निरोपाखाली माझ्या हातून शिवी गेली. मला तिचा अर्थ ठाऊक नव्हता, पण गेली ती गेलीच." पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आले नाही आणि मी विचारलेही नाही. ती अद्याप ग्रुपमध्ये परतलेली नाही. परंतु वडिलांचा पखवाज मंडळाला द्यायचा का, याविषयी तिने काल मला संदेश पाठवला आहे.

हसणाऱ्या दोघांशी मी बोललो. एकाने क्षमा मागितली. दुसरा अजून टाळतो आहे, आणि त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही.

गुरुजींच्या फोनमध्ये ते चिन्ह अजून अलीकडच्या ओळीत पुढेच होते. ते मागे सरकावे म्हणून त्यांनी मला ओळीने तुळस, दिवा, घंटा, सूर्य, केळे अशी सुमारे तीस चित्रे पाठवली, आणि ते दिसेनासे झाल्यावर खाली शब्दांत लिहिले: "वर पाहावे."